शटर पूर्ण वर

आमच्या घरात आईकडे काही मागायचं असलं की आधी तिच्या पापण्या बघायच्या, असा नियम होता. बाबा त्याला शटर बघणं म्हणायचे. आई कामावरून आली, चपला काढल्या, की मी दारातच तिचा चेहरा वाचायचे आणि आत जाऊन बाबांना बातमी द्यायचे, "पाऊण बंद." मग बाबा छापखान्यातल्या कुरबुरी पोटात ठेवायचे, मी माझी मागणी दप्तरात ठेवायचे, आणि आईच्या हातात चहा देऊन आम्ही दोघं लांब व्हायचो. शटर अर्धं असेल तर बारीकसारीक चालायचं, बटण लावून दे, वेणी घालून दे, एवढंच. पूर्ण वर कधी असायचं ते मला आठवतच नाही. मी बाळ असताना असेल.

कारण गेल्या काही वर्षांत ते वर जायचंच थांबलं होतं. वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन अशी खाली उतरली होती की सुट्टीच्या दिवशी भरपूर झोपून उठली तरी आई घरातली चार लग्नं उरकून आल्यासारखी दिसायची. वाचताना भुवया वर खेचून धरायची आणि संध्याकाळी कपाळ चेपत बसायची.

आई एका हॉटेलात कामाला आहे. आधी ती पुढच्या काउंटरवर असायची, आलेल्या माणसाला हसून खोलीची किल्ली देणारी. मग एका पाहुण्याने जाता जाता मॅनेजरना विचारलं, "काय हो, तुमच्या काउंटरवरच्या बाई उभ्या उभ्या झोपतात का?" मॅनेजर माणूस वाईट नाही, पण विनोद करायची फार हौस. ते आईला म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे बघून लोकांना वाटतं, इथल्या गाद्याच चांगल्या नाहीत." स्वतःच हसले, आणि पुढच्या आठवड्यात आईला मागच्या टेलिफोन रूममध्ये टाकलं. तिथे चेहरा लागत नाही, नुसता आवाज लागतो.

टेलिफोन रूमच्या पाळ्या फिरत्या. आज पहाटेची, उद्या संध्याकाळची, आणि ज्या दिवशी कुणी दांडी मारली त्या दिवशी दोन्ही. काउंटरची पाळी मात्र ठरलेली, दिवसाची. म्हणजे गंमत बघा, कमी दमवणारं काम पाहिजे असेल तर आधी न दमलेलं दिसायला पाहिजे होतं.

आईच्या जागी काउंटरवर जी मुलगी आली तिला आई घरी टवटवी म्हणते. "टवटवीला कॉम्प्युटरमधलं काही येत नाही," आई सांगायची, "पण येत नाही हे सांगताना इतकी गोड दिसते की पाहुणेच तिला सॉरी म्हणतात."

मग हॉटेलची नवी इमारत तयार झाली आणि काउंटरवर आणखी एक माणूस लागणार असं ठरलं. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "मला ते काउंटर परत पाहिजे. मी पापण्यांचं ऑपरेशन करून घेणार आहे."

मला पाहिजे, असं आई म्हणते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांचा घास हातातच राहिला.

"अगं, पण मला तू आहेस तशीच..."

"तुम्हाला आवडते हो. तुम्ही हॉटेल चालवत नाही."

ऑपरेशनला तिच्यासोबत मी गेले. बाबांच्या छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची घाई होती, आणि मी तर अलीकडे कशालाच घाबरत नव्हते. शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा आयत्या वेळी घसा बसला, माइक माझ्या हातात आला, आणि मला शोध लागला की माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तेव्हापासून मी जिथे तिथे बोलते. बाबा मला भोंगा म्हणतात. मला ती पदवी वाटते.

डॉक्टर मॅडमनी आईला खुर्चीत बसवून तिच्या पापण्यांवर जांभळ्या पेनाने रेघा काढल्या, शिंपी कापडावर खडूने काढतो तशा. मी विचारलं, "उरलेल्या तुकड्यांचं काय करता?"

"हिला बाहेर बसवा," आई म्हणाली.

बाहेर आली ती काळा गॉगल लावून, माझा दंड घट्ट धरून. डोळ्यांत मलम भरल्यामुळे तिला सगळं धुरकट दिसत होतं. टॅक्सीत बसताना तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "थोडा वेळ काही बोलू नकोस हं." मी सिग्नलपर्यंत तग धरला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोकं उंचावर ठेवून झोपायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि डोळ्यांवर थंड ठेवत राहायचं. "गोठलेल्या मटारची पिशवी रुमालात गुंडाळा, डोळ्यांच्या खळग्यात छान बसते," असं त्या म्हणाल्या. मग बाबांनी मटारच्या चार पिशव्या आणल्या आणि आमचा फ्रीज भाजीच्या दुकानासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी आईचा चेहरा बघून बाबा खालीच बसले. दोन्ही डोळे सुजून वाटोळे, खाली जांभळे डाग, पापण्यांच्या घडीत काळ्या दोऱ्याचे बारीक टाके. तेवढ्यात आत्या आली. आत्या बाबांची मोठी बहीण, आणि घरात कुणी आजारी पडलं की ती न बोलावता येते आणि सगळ्यांना कामाला लावते.

"अगं बाई! काय ही दशा! बॉक्सिंग खेळलीस काय?"

"ताई, हसवू नका हो, टाके ओढतात."

"मी हसवत नाहीये, मी घाबरलेय. पैसे देऊन मार खाल्लास म्हण की."

"काउंटर मिळालं की वसूल होईल."

"आणि नाही मिळालं तर?"

आईने मटारची पिशवी डोळ्यांवर ठेवली. आत्यानेही विषय सोडला आणि माझ्याकडे वळली, "ए भोंग्या, ते मटार आता भाजीत घालायचे नाहीत हं. पुन्हा पुन्हा वितळलेले आहेत. तुझ्या बापाला नीट सांगून ठेव, त्याला दिसलं की तो शिजवतो."

ते दिवस फार लांब वाटले. घराला पडदे लावलेले, टीव्ही बंद, आई उशांच्या उतरंडीवर अर्धी बसलेली, अर्धी पडलेली. थेंब घाल, मलम लाव, पिशवी बदल. शाळेतून आल्यावर ती माझी पाळी असायची, आणि माझ्या लक्षात आलं की नुसतं कुणाच्या तरी जवळ बसून राहणंसुद्धा किती दमवतं. माझे पाय काही न करता दुखायचे.

मी मग बोलायचे. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी मला निवडलं होतं आणि विषय मिळाला होता ‘माझ्या स्वप्नातलं शहर’. एका दुपारी मी आईला सगळं भाषण म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. आई माझ्याकडेच बघत होती. नजर हलत नव्हती, इतकी तल्लीन. मी शहरात झाडं लावली, नदी साफ केली, बसगाड्या वेळेवर आणल्या, आणि शेवटच्या वाक्यावर थांबून विचारलं, "कसं वाटलं?"

उत्तर म्हणून घोरणं आलं.

मला इतका राग आला! जवळ जाऊन बघितलं, तर पापण्यांच्या मधून पांढरी चीर दिसत होती. ऑपरेशननंतर काही दिवस पापण्या पुरत्या मिटत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरले होते. आई उघड्या डोळ्यांनी गाढ झोपली होती. मी तिच्या तोंडासमोर हात हलवून बघितला. काही नाही. मी मलम लावून, पिशवी ठेवून, माझं अख्खं शहर गुंडाळून बाहेर आले.

"झोपली का?" बाबांनी विचारलं.

"काही कळत नाही," मी म्हटलं. "शटर अर्धं उघडं, दुकान बंद."

टाके निघाले, जांभळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि एका सकाळी आई मोरीतून तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं बघतच राहिलो. तिचे डोळे तपकिरी आहेत. मला माहीत होतं, पण इतके आहेत हे माहीत नव्हतं. बाबा हातातला कप घेऊन उभे राहिले आणि ओरडले, "शटर पूर्ण वर!"

"पुरे हं," आई म्हणाली, पण आरशासमोर जरा जास्तच रेंगाळली.

आणि काउंटर मिळालं! मॅनेजर म्हणाले, "मॅडम, रजेवर गेला होतात की कारखान्यात नवीन बनून आलात?" आई नव्या इमारतीत उभी राहिली, निळ्या कोटात, छातीवर नावाची पितळी पट्टी लावून. आम्ही आईस्क्रीम आणलं. आत्या म्हणाली, "झाला बाई मार वसूल." मला वाटलं, संपली गोष्ट.

पण आमचा नियम कुठे बदलला होता? आम्ही पापण्याच बघत होतो. आणि आता त्या रोज वर होत्या.

बाबांनी छापखान्यातल्या माणसांना जेवायला बोलावलं, कारण "आता तू टवटवीत दिसतेस, बरं वाटतं चार माणसं आली की." आत्याचं घर बदलायचं होतं, तिने सामान बांधायला आईलाच बोलावलं. मी स्पर्धेसाठी नवा ड्रेस शिवायचा हट्ट धरला. तयार नको, शिवलेलाच पाहिजे, आईच्या हातचा. आई प्रत्येकाला हो म्हणाली. नाही कसं म्हणायचं हे तिला येतच नव्हतं. इतकी वर्षं तिला कधी म्हणावंच लागलं नव्हतं, ते काम पापण्या करायच्या.

हॉटेलातही तेच. टवटवीला कंटाळा आला की ती चेहरा पाडून दाखवायची आणि मॅनेजर तिला घरी पाठवायचे. मग टेलिफोन रूमच्या माणसाला तिच्या काउंटरवर उभं करायचे आणि संध्याकाळी टेलिफोनकडे बघायला कुणी उरायचं नाही. "मॅडम, तुम्ही तर एकदम फ्रेश आहात, जरा संध्याकाळचं बघता का?" आई दिवसभर काउंटर आणि मग टेलिफोन करून घरी यायची, चपला काढायची, आणि मी दारातून बातमी द्यायचे, "पूर्ण वर!" मग मी मापं द्यायला टेप घेऊन उभी.

स्पर्धेच्या आधी एकदा मी घराची किल्ली विसरले. बाबा कामावर होते. मी शाळेतून सरळ आईच्या हॉटेलात गेले. नव्या इमारतीत मी पहिल्यांदाच जात होते. काचेचं दार आपोआप उघडलं, आत फरशी इतकी चकचकीत की माझे मळके बूट त्यात डबल दिसत होते. समोर काउंटर, मागे आई. केस बांधलेले, डोळे मोठे, तपकिरी, माझ्याकडेच. मला इतका अभिमान वाटला की मी जवळजवळ नाचतच गेले आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून उभी राहिले.

आई हसली. कडेचे दात दिसतील इतकं, मोजून. आणि म्हणाली, "नमस्कार, आपलं स्वागत आहे. बुकिंग कुणाच्या नावावर आहे?"

मला वाटलं थट्टा. मी पण आवाज जाड करून म्हटलं, "आमच्या मातोश्रींच्या नावावर."

"एक मिनिट हं." तिने खरंच कॉम्प्युटरमध्ये बघितलं. बोटं चालली. मग वर बघून, तेच हसू ठेवून, "माफ करा, मला दिसत नाहीये. स्पेलिंग सांगता का?"

तिचे डोळे माझ्यावर होते. हलत नव्हते. मला ती उशांची उतरंड आठवली, ती दुपार, ते भाषण, ती पांढरी चीर.

"आई," मी हळू म्हटलं. "आई, मी आहे."

तिला जागं व्हायला वेळ लागला. मी बघत होते ना. आधी हसू गेलं, मग खांदे उतरले, मग तिने काउंटरची कड पकडली. "अगं," ती म्हणाली. "तू कधी आलीस?"

तेवढ्यात मॅनेजर आले, हातात मोबाइल. "अरे वा, छोट्या मॅडम! आईचे नवे डोळे बघायला आलात?" आणि लगेच आईकडे वळून, "मॅडम, आज पण जरा टेलिफोन बघाल ना? जुन्या काउंटरवरची ती बिचारी अगदी गळून गेलीय, चेहरा बघवत नाही तिचा. मी पाठवलं घरी."

आई नेहमीसारखी मान हलवायला निघाली होती, मला दिसलं. माझा भोंगा घशापर्यंत आला. शेवटच्या रांगेपर्यंत, लिफ्टपर्यंत, गाद्यांपर्यंत पोचेल असं बोलायची माझी तयारी होती. मी तोंड उघडलं. आईने काउंटरवरून हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला. हात थंडगार होता.

"नाही," ती म्हणाली.

मॅनेजर मोबाइलमध्येच बघत होते. "अं?"

"नाही जमणार. मी दमले आहे."

त्यांनी वर बघितलं. तिचा चेहरा नीट न्याहाळला, डावीकडून, उजवीकडून, फळवाल्याकडे टरबूज बघतात तसा. "पण मॅडम, तुम्ही तर अजिबात दमलेल्या दिसत नाही!"

"दिसत नाही म्हणूनच सांगतेय."

मला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण आईचा हात माझ्या मनगटावरच होता, म्हणून मी तो तसाच राहू दिला. मॅनेजरना विनोद सुचेना. ते म्हणाले, "असं रोज झालं तर काउंटरचं पुन्हा बघावं लागेल हं मला." आई म्हणाली, "बघा." मग घड्याळाप्रमाणे पाळी संपल्यावर तिने पितळी पट्टी काढून खणात ठेवली, पर्स घेतली, आणि आम्ही त्या आपोआप उघडणाऱ्या दारातून बाहेर पडलो.

बसस्टॉपवर बाकावर बसल्यावर आई म्हणाली, "जाईल बहुतेक ते काउंटर."

"मग?"

"मग काही नाही. आत्ता मला विचारच करवत नाहीये."

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. डोळे मिटले होते की नाही ते मी बघितलं. मिटले होते, पूर्ण.

घरी बाबा आलेले होते, आणि आत्याही, खोक्यांना लावायची चिकटपट्टी घेऊन. बाबांनी दार उघडलं, आईचा चेहरा बघितला आणि आनंदाने म्हणाले, "शटर पू..."

"बाबा, ते बंद," मी म्हटलं. "आजपासून तोंडाने विचारायचं."

"काय विचारायचं?"

"दमलीस का, असं."

बाबा गोंधळले. आत्याकडे बघितलं. आत्या चिकटपट्टी मागे लपवत होती. मग बाबांनी, नव्या भाषेतला पहिला शब्द उच्चारावा तसं, जपून विचारलं, "दमलीस का गं?"

"हो," आई म्हणाली, आणि चपला न काढताच पलंगावर जाऊन पडली.

आत्याने जाऊन तिच्या चपला काढल्या. बाबा चहा ठेवायला गेले आणि आधी साखर कुठे आहे ते शोधत बसले, कारण ते विचारायला आत जायची त्यांना भीती वाटत होती. मॅनेजर त्या संध्याकाळी टेलिफोन रूममध्ये स्वतः बसले म्हणे, आणि टॉवेल मागणाऱ्या बाईंना त्यांनी टॅक्सी पाठवली. पण ते नंतर कळलं. काउंटर अजून तरी आईकडेच आहे. मॅनेजर अधूनमधून विचारतात, आई अधूनमधून हो म्हणते, अधूनमधून नाही.

त्या संध्याकाळी तिने आतून हाक मारली, "ए, मटार आहेत का गं अजून?"

"सूज तर गेली ना!"

"सुजेसाठी नाही. नुसतेच पाहिजेत."

एकच पिशवी उरली होती. बाकीच्या बाबांनी शिजवल्या होत्या, आत्याने इतकं बजावूनसुद्धा. मी ती रुमालात गुंडाळली आणि आईच्या डोळ्यांवर ठेवली. तिने सुस्कारा सोडला. पलंगाशेजारी शिलाई मशीनवर माझा ड्रेस पडला होता, एक बाही लावलेली, एक नाही. मी तो उचलून घडी करून कपाटात ठेवला. शाळेचा गणवेशही स्पर्धेला चालतो.

मग मी पलंगाच्या कडेला बसले. भाषणाचा शेवट मी बदलला होता, तो तिला म्हणून दाखवायचा होता. पहिलं वाक्य तोंडात आलंही.

"आई, जागी आहेस का?"

पिशवीखालून आवाज आला, "झोपलेय."

"बरं," मी म्हटलं, आणि दिवा घालवला.